कबरीवर दगड बसवायचाय? मग दगडाची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्या

दरवर्षी ऑक्टोबर लागला की आमच्या सिमेट्रीच्या गेटवर टेम्पो येऊन उभा राहतो. मागे चकाचक काळा ग्रॅनाईट, गोणपाटात गुंडाळलेला, आणि शेजारी फोन कानाला लावलेला मुलगा नाहीतर जावई, "अहो दगड आलाय, फक्त बसवायचाय, दोन तासांचं काम आहे". परवानगी घेतलीय का? नाही. माप कोणाला विचारलं होतं? मार्बलवाल्याने सांगितलं तेच घेतलं. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या आठवणीचा दिवस, सगळं गणगोत मेणबत्त्या घेऊन येणार, त्याच्या आत दगड उभा पाहिजे म्हणून घाई. मग गेटवरच वाद, आणि बऱ्याचदा टेम्पो भाडं देऊन परत.

मी कमिटीत रजिस्टर सांभाळतो, त्यामुळे हा सीन इतक्यांदा बघितलाय की शेवटी लिहूनच काढलं. चूक एकच असते, क्रम उलटा. लोक आधी दगड घेतात, मग मजकूर ठरवतात, मग परवानगीला येतात, आणि जमीन बसलीय का हे तर कोणी बघतच नाही. खरा क्रम जवळपास याच्या उलट आहे.

खालचं मुख्यतः पुण्यातल्या ख्रिस्ती सिमेट्रीच्या हिशोबाने लिहिलंय. लिंगायत समाधी किंवा कब्रस्तान असेल तर टप्पे साधारण हेच, नियम वेगळे, ते जिथे आलं तिथे सांगतो.

टप्पा १: कबर कोणाच्या ताब्यात आहे आणि कुठल्या प्रकारची, ते आधी काढा

पुण्यात यासाठी एक खिडकी नाही. शहरात महापालिका, कॅम्पात पुणे कॅन्टोन्मेंट बोर्ड, खडकीत खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड, पिंपरी-चिंचवडला त्यांची वेगळी महापालिका, आणि जागा यातल्या कोणाच्याही हद्दीत असली तरी रोजचा कारभार चर्चचा ट्रस्ट, समाजाची कमिटी नाहीतर कब्रस्तानचे मुतवल्ली (म्हणजे व्यवस्थापक) बघत असतात. त्यामुळे पहिला प्रश्न, पावती कोणी फाडली होती? त्यांच्याकडेच जायचं. शेजारच्या कबरीवाल्याला विचारून "चालतं हो" असं ऐकलं म्हणजे परवानगी झाली असं नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. कबर टेम्पररी आहे, परमनंट आहे, का फॅमिली ग्रेव्ह (एकाच घरातल्यांसाठी परत उघडायची कबर)? जागेची टंचाई सगळीकडे आहे. टेम्पररी कबर ठरलेली वर्षं झाली की पुन्हा वापरात जाते, तिच्यावर पक्कं बांधकाम बहुतेक ठिकाणी करूच देत नाहीत. लोकांना वाटतं दफनाचे पैसे भरले म्हणजे जागा आपली झाली. तसं नसतं. दफनाची पावती ही दफनाचीच असते, दगडाची परवानगी वेगळी, फी वेगळी, पावती वेगळी.

सोबत काय न्यायचं: दफनाची पावती, कबर नंबर (रजिस्टरमधला, ब्लॉक आणि रांगेसकट), मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र, आणि बाकीच्या भावंडांचं सहीचं संमतीपत्र. दाखल्याचं म्हणाल तर कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तो काढलेलाच असेल, फक्त त्यावरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव जुळतंय का बघा. दाखल्यावर "मार्था", रजिस्टरमध्ये घरचं नाव "बेबीताई", असं असलं की पुढे दगडावर काय टाकायचं यावरून भांडण ठरलेलं.

संमतीपत्राला लोक नाकं मुरडतात. पण आमच्याकडे एकदा थोरल्याने दगड लावला, धाकट्याचं नाव "यांचे स्मरणार्थ" खालच्या यादीतून राहून गेलं, तो येऊन म्हणाला हा दगड काढा. आता कमिटीने काय करायचं? तेव्हापासून संमतीपत्राशिवाय अर्ज घेत नाही.

थांबा: कबर नंबर कागदावर बघून समाधान मानू नका. केअरटेकरला सोबत घेऊन जागेवर जा आणि दोन्ही बाजूच्या कबरींचे नंबरपण ताडून बघा. एका रांगेत तीन ताज्या मातीच्या कबरी असल्या की पावसाळ्यानंतर कुठली कोणाची हे घरच्यांनाही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या कबरीवर खोदकाम झालं तर ती नुसती चूक राहत नाही. कोणाच्या भावना दुखावतील हे माहीत असून दफनाच्या जागेत घुसखोरी करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९७ होतं, आता न्याय संहितेचं ३०१, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

टप्पा २: नियम लेखी मागा

तोंडी नियम सांगणारा माणूस सहा महिन्यांनी बदललेला असतो, म्हणून लेखीच. नियमांचा कागद नसेल तर तुमच्या अर्जावरच मापं लिहून घ्या आणि त्याखाली सही-शिक्का घ्या. हे विचाराच:

- दगडाची जास्तीत जास्त उंची, रुंदी, जाडी. उंची जमिनीपासून का चौथऱ्यापासून? (या एका प्रश्नावरून निम्मे दगड परत जातात.)
- उभा दगड चालतो का फक्त आडवी पाटी?
- कबरीभोवती कठडा, टाईल्स, लोखंडी रेलिंग, छत्री चालते का?
- फोटो, पुतळा, दिव्याची काचेची पेटी?
- कामाचे दिवस आणि वेळ, पाणी कुठून घ्यायचं, राडारोडा कोण उचलणार?
- परवानगी किती महिने चालते?

कठड्याबद्दल जरा बोलतो, कारण लोकांना तो नियम जाचक वाटतो. कबर साडेसहा-सात फूट लांब, आपण बाहेरून सहा-सहा इंच कठडा वाढवतो, शेजारचाही वाढवतो, आणि मग मधल्या वाटेवरून शवपेटी खांद्यावर घेऊन सहा माणसं जायची कुठून? आमच्याकडे एका रांगेत असं झालंय, तिथे पेटी अक्षरशः कबरींवरून हातोहात पास करावी लागते. ज्यांनी कठडे बांधले त्यांच्याच घरची वेळ आली तेव्हा त्यांना ते कळलं.

खडकीची वॉर सिमेट्री बघून आलेले लोक विचारतात की तिथे कसे सगळे दगड एकसारखे. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची आहे (महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था), तिथे हुद्दा काहीही असो दगड एकाच मापाचा, घरच्यांनी स्वतःचा दगड आणून लावायचा प्रश्नच नाही. आपल्या सिमेट्रीत तेवढी कडक शिस्त शक्य नाही, पण निदान उंचीची एक रेघ तरी हवी, एवढंच कमिटीचं म्हणणं असतं.

कब्रस्तानात पक्की कबर बऱ्याच ठिकाणी मान्यच नसते, काही धर्माच्या कारणाने आणि काही जागेच्या. कच्ची माती, डोक्याकडे छोटी नावाची तख्ती, एवढंच. तेव्हा आधी मुतवल्लींशी बोला, मार्बलवाल्याशी नंतर. लिंगायत समाजात देह बसवून दफन करतात, त्यामुळे खड्ड्याचा आकारच वेगळा असतो आणि वरच्या समाधीचं मापही, ते समाजाच्या स्वामींना किंवा कमिटीला विचारूनच ठरवा, ख्रिस्ती कबरीची मापं तिथे लावू नका.

टप्पा ३: जमीन बसू द्या, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या

हा टप्पा सगळे गाळतात, आणि वाकडे दगड निघतात ते इथूनच.

खड्डा भरताना माती सैल पडते, आत पेटी असते तीही काही दिवसांनी दबते, आणि वरचा सगळा भाग खाली बसत जातो. त्यात पुण्याच्या बऱ्याच भागात काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेलं काहीही हलतं.

माझ्या मावशीच्या कबरीवर आम्हीच ही चूक केली होती, तेव्हा मी कमिटीत नव्हतो. मावशी मार्चमध्ये गेली, आम्ही मे महिन्यात दगड लावला, घरातली म्हातारी माणसं म्हणाली पावसाच्या आत उरकून टाका. गवंड्यानेही एका शब्दाने अडवलं नाही. ऑगस्टमध्ये गेलो तर दगड पुढे झुकलेला, चौथऱ्याला मधोमध तडा, आणि डोक्याच्या बाजूला वीतभर खड्डा त्यात पाणी. दगड काढून परत बसवायला पहिल्यापेक्षा जास्त खर्च आला.

म्हणून हिशोब असा धरा. डिसेंबर ते मे मध्ये दफन झालं असेल तर येणारा पावसाळा जाऊ द्या, ऑक्टोबरअखेर काम करा. पावसाळ्यातच दफन झालं असेल तर पुढचा पावसाळा पूर्ण जाऊ द्या. दिवाळीच्या आसपासचं असेल तरीही तेच. मला माहितीये पहिल्या वर्षदिनाला दगड हवा असतो, मिस्सा (चर्चमधली उपासना) असते, नातेवाईक बाहेरगावहून येतात. त्या दिवशी कबर साफ करा, फुलं वाहा, लाकडी क्रूस नवीन रंगवा. दगडाची वाट बघायला मावशी काही कुठे जात नाहीये.

तोपर्यंत खूण म्हणून लाकडी क्रूस आणि त्यावर कबर नंबर ऑईलपेंटने. मार्करने लिहू नका, एका उन्हाळ्यात उडतो. दर महिना-दीड महिन्याने खचलेल्या जागी मुरूम टाकून हलक्या हाताने धुमसायचा, काळी माती आणून भरू नका.

तपासा: पावसाळा संपल्यावर कबरीवर दोन बादल्या पाणी सावकाश ओता. एका ठिकाणी भोवरा करून आत जात असेल तर खाली अजून पोकळ आहे. मुरूम भरा, महिनाभर थांबा, परत बघा.

टप्पा ४: मजकूर कागदावर, आणि मग स्टेन्सिलवर

मजकूर कमी ठेवा. नाव, जन्म, मृत्यू, बायबलमधलं एखादं वचन. खाली मुलं, सुना, नातवंडं, पतवंडं अशी पूर्ण शिधापत्रिका टाकली की अक्षरं बारीक होतात आणि पाच वर्षांत वाचता येत नाहीत. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतात त्यामुळे इंग्रजीपेक्षा जागा जास्त लागते. माझा अंदाज, नाव किमान दीड इंच, तारखा पाऊण इंच. याच्या खाली गेलात तर कोरलेल्या खाचेत धूळ आणि शेवाळ बसून "१" आणि "९" सारखे दिसायला लागतात.

आता खरी गंमत. दुकानात अक्षरं कॉम्प्युटरवर जुळवतात, स्टेन्सिल (अक्षरांच्या जागी कापलेला पत्रा) कापतात, ती दगडावर चिकटवून सँडब्लास्टिंग करतात, म्हणजे जोराने वाळू मारून अक्षरं कोरतात. तुम्ही व्हॉट्सअपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला की रफार उडी मारतो, "मार्था" चं "माथार्" होतं, जोडाक्षरं सुटतात, "ज्योत्स्ना" तर मी तीन वेगवेगळ्या प्रकारे चुकलेली बघितलीय. आणि एकदा दगडावर उतरलं की खोडरबर नाही, पूर्ण थर घासून परत पॉलिश नाहीतर नवीन दगड.

म्हणून: मजकूर हाताने, सुटसुटीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. दुकानदाराकडून खऱ्या मापाचा प्रिंट काढून घ्या, फोनवरचा फोटो नको. तो घरातल्या तीन माणसांना वेगवेगळं वाचायला द्या, त्यातला एक शक्यतो घरातला मास्तर किंवा असाच कटकट्या माणूस असावा. तारखा मृत्यूच्या दाखल्याशी बोट ठेवून जुळवा. मग प्रिंटवर सही, एक प्रत तुमच्याकडे, एक दुकानात, एक कमिटीला. कापलेली स्टेन्सिल दगडावर चिकटवल्यानंतर, ब्लास्टिंगच्या आधी, स्वतः दुकानात जाऊन परत एकदा वाचा. एवढी एक फेरी कधीही चुकवू नका.

टप्पा ५: आता दगड

हो, आता कुठे. हातात सही-शिक्क्याची मापं आणि मंजूर मजकूर आहे.

काळा ग्रॅनाईट महाग पण पुण्याच्या पावसाला सगळ्यात निवांत. संगमरवर दिसायला देखणा, पण चुनखडीचा दगड तो, काही वर्षांत चमक जाते, अक्षरांच्या कडा मऊ होतात. कडप्पा आणि शहाबादी स्वस्त पडतात पण थरांचे दगड आहेत, उभे लावले तर पापुद्रे सुटतात, आडव्या पाटीला ठीक. घडीव काळा पाषाण, म्हणजे आपला सह्याद्रीचाच, टिकायला उत्तम, फक्त बारीक अक्षरं त्यावर उठत नाहीत.

वजनाचा विचार कोणी करत नाही. २४ इंच रुंद, ३० इंच उंच, ३ इंच जाड ग्रॅनाईट म्हणजे जवळपास ९५ किलो. हा पडला तर पाय मोडतो, लहान मूल असेल तर त्याहून वाईट. म्हणून आकार जेवढा लागेल तेवढाच.

ऑर्डर देताना बिलावर लिहून घ्या: दगडाचा प्रकार, तिन्ही मापं, तळाला भोकं पाडून देणार का, आणि स्टेनलेस स्टीलच्या सळ्या. साधी लोखंडी सळई अजिबात नको. ती आत गंजते, गंज फुगतो आणि दगड तळापासून चिरतो. मावशीच्या दगडात हेही होतं, काढल्यावर कळलं.

थांबा: कोणी "जुना दगड आहे, मागची बाजू कोरी आहे, घासून देतो, निम्म्यात होईल" म्हणालं तर हात जोडा. तो कोणाच्या तरी कबरीवरचा असतो.

टप्पा ६: पाया आणि बसवणं

यातली मुख्य युक्ती अशी की उभ्या दगडाचा पाया खड्ड्याच्या भरलेल्या मातीवर घ्यायचाच नाही. डोक्याच्या बाजूला, खड्ड्याच्या कडेबाहेर, न खोदलेली कडक जमीन असते, पाया तिथे घ्यायचा. तेवढी जागा नसेल तर खड्ड्याच्या आडव्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे फूट-फूट जास्त लांब अशी सळयांची आरसीसी पट्टी टाकून तिची दोन्ही टोकं कडक जमिनीवर टेकवायची, दगड तिच्यावर. गवंड्याला "घरांना लिंटेल टाकतो तसं" म्हणालात की समजतं.

१. कमिटीचा माणूस समोर असताना आखणी करा. दोरी रांगेतल्या बाकीच्या दगडांना धरून.

२. पायाचा चर साधारण ३ फूट लांब (आरसीसी पट्टी टाकणार असाल तर तिच्या लांबीइतका), दीड फूट रुंद, ९ इंच खोल. याहून खोल जायचं नाही. खाली काही लागलं तर काम थांबवून कमिटीला बोलवा. अवशेष हलवणं हा तुमच्या-आमच्या अखत्यारीतला विषय नाही.

३. तळाला मुरूम धुमसून, वर १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी). ३ फुटी चराला सिमेंटचं एक पोतं पुरून उरतं, त्यामुळे गवंडी तीन पोती सांगत असेल तर बाकीची कुठे चाललीत ते विचारा.

४. काँक्रीट ओलं असतानाच चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. पाणी साचलं की संपलं.

५. सात दिवस ओलं गोणपाट. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, सकाळ-संध्याकाळ पाणी. केअरटेकरला सांगून जाल आणि तो विसरेल, स्वतः येत जा नाहीतर त्याला त्याचे पैसे द्या. फुकटात पाणी मारायला कोणी बांधील नाही.

६. सात दिवसांनंतर दगड. १२ मिलिमीटरच्या दोन स्टेनलेस सळ्या, चार-पाच इंच पायात, तीन इंच दगडात, भोकं फुंकून साफ करून इपॉक्सी (पक्का चिकटणारा रासायनिक गोंद). नुसत्या सिमेंटच्या घोळात चिकटवलेला दगड हा उभा केलेला असतो, बसवलेला नाही.

७. चार माणसं लागतात, दोघांनी उचलायचा हट्ट नको. ओळंबा पुढून आणि बाजूने दोन्हीकडे धरा, लाकडी टेकू लावा, रात्रभर तसाच ठेवा.

तपासा: दुसऱ्या दिवशी टेकू काढून दगडाच्या वरच्या कडेला तळहाताने बेताचा जोर द्या. जराही हालचाल जाणवली, तळाशी कुरकुर झाली, तर काम नापास. गवंड्याचा शेवटचा हप्ता याच्यानंतर द्यायचा, आधी नाही.

टप्पा ७: कमिटीची पाहणी

पाहणीला आम्ही टेप, ओळंबा आणि मंजूर प्रिंट घेऊन येतो. माप, मजकूर, हालचाल, वाट मोकळी आहे का, राडारोडा उचलला का. दोन बाजूंनी फोटो रजिस्टरला लागतात. हे झाल्याची सही घेतल्याशिवाय काम संपलं असं समजू नका, कारण पुढे कधी वाद झाला तर तोच कागद.

कमिटीवाल्यांनाही एक सांगतो. नियम मोडून लागलेला दगड दिसला म्हणून रागाने पहार घेऊन जाऊ नका. फोटो, तारीख, रजिस्टरमधल्या पत्त्यावर लेखी नोटीस, गेटच्या बोर्डावर प्रत, मुदत, मग बैठकीत ठराव. दगडामागे कोणाची तरी आई असते, आणि तोडलेल्या दगडाचा फोटो फिरायला लागला की नियम कोणाचा बरोबर होता हे कोणी विचारत नाही. फक्त दगड झुकलेला आणि पडायच्या बेतात असेल तर मुदतीची वाट न बघता त्याच दिवशी अलगद आडवा करून ठेवायचा आणि घरच्यांना फोन.

टप्पा ८: नंतरची निगा आणि कबर परत उघडायची वेळ

साफसफाईला साधं पाणी आणि मऊ ब्रश. संडास साफ करायचं ॲसिड तर संगमरवराला लावूच नका, तो फसफसून विरघळतो, लिंबूसुद्धा नको. तारेचा ब्रश नको. ग्रॅनाईटला ॲसिडने तितकं होत नाही पण अक्षरांतला सोनेरी रंग जातो. मेणबत्ती थेट दगडावर चिकटवू नका, खाली पत्र्याची ताटली ठेवा, मेण खाचांत गेलं की निघता निघत नाही.

फॅमिली ग्रेव्ह असेल तर कधीतरी ती परत उघडावी लागणार. त्या दिवशी घरात रडारड, दफन संध्याकाळी, आणि दगड काढायला माणूस कोण? आडवी पाटी असेल तर ती एकसंध न घेता दोन तुकड्यांत घ्या म्हणजे उचलता येते. मागच्या वेळच्या दफनाला किती वर्षं झाली त्यावर परवानगी मिळते का नाही हे ठरतं, ते फोनवर न विचारता रजिस्टर उघडून बघायला सांगा. खाली नवीन नावाला जागा सोडलेली असेल तर ते नाव दगडावर जागेवरच हाताने कोरून घेता येतं, त्यासाठीही टप्पा ४ परत करायचा, रफारासकट.

आणि दगड ऑर्डर करतानाच मार्बलवाल्याला सांगून मागच्या बाजूला, अगदी खाली, कबर नंबर कोरून घ्या. अर्ध्या इंचाचे चार आकडे, पैसेही फार घेत नाहीत. आमच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले सात दगड आहेत, नावं वाचता येतात, वचनं वाचता येतात, फक्त ते कुठल्या कबरीचे हे कोणाला माहीत नाही.